तुम्ही विचारलंत म्हणून: आत्याबाईंची नखं

"वैनी, तुमच्या मांजराची नखं कोण कापतंय ओ?" दूधवाल्यापासून भाचेसुनेपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. विचारणाऱ्याचा हात मी आधी बघते. ओरखडे ताजे असले की चहा टाकते, कारण उत्तर लांबतं.

आमची आत्याबाई २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आली. सांगलीत आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर. गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला पाण्यात होता, आम्ही माडीवर. शेजारच्या पत्र्यावरून ही उडी मारून आत आली. तेव्हाच चांगली थोराड होती, आणि चेहरा माहेरपणाला आलेल्या, पण पहिल्याच चहात साखर कमी निघालेल्या आत्यासारखा. पाणी ओसरलं, ती राहिली.

सुरुवातीची वर्षं मी तिच्या नखांकडे बघितलंसुद्धा नाही. ह्यांची हळदीची अडत, त्यामुळे घरात पोत्यांना तोटा नाही. एक रिकामं गोणपाट माडीच्या खांबाला सुतळीनं गुंडाळून दिलं, ते तिनं आपलं म्हटलं. लोक म्हणतात मांजर नखांना धार लावतं. पोत्यात अडकलेली टरफलं मी वेचून बघितलीत. अगदी नखासारखी वाकडी, आतून पोकळ. वरचा जुना थर तिथं निघतो आणि खालचं टोकदार नख मोकळं होतं. शिवाय पंजाचा वास खांबाला लागतो, म्हणजे सातबारा तिच्या नावावर.

वय झालं तसं पोतं सुटलं. एक दिवस पुढचा डावा पाय अधांतरी धरून चालायला लागली. डॉक्टरांनी पंजा दाबून दाखवलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. अंगठ्याचं नख गोल वळून गादीत रुतलं होतं. ते नख जमिनीला टेकतच नाही, मग झिजणार कसं? डॉक्टरांनी ते काढलं, मलमपट्टी केली आणि म्हणाले, आता हे घरी बघत चला.

घरी बघितलं ते असं. मी पंच्यात गुंडाळून धरलं, ह्यांनी आपलं नेलकटर घेतलं. आपलं नेलकटर चपट्या नखासाठी असतं. मांजराचं नख त्यात चेंगरून उभं चिरतं, हे आम्हाला नंतर कळलं. चौथ्या नखाला रक्त आलं. नखात आत गुलाबी दिसते ती जिवंत शीर, तिथवर कापलं की कळ जाते. हे हळदीचा डबा घेऊन धावले. सांगलीचा माणूस, दुसरं काय करणार! वाकळीवर, फरशीवर, भिंतीवर पिवळे पंजे उमटले, आत्याबाई आठ दिवस कपाटावर. चिमूटभर कॉर्नफ्लोअर नखाच्या टोकाला दाबून धरलं असतं तर भागलं असतं.

माझ्याही मनगटावर दोन खोल रेघा आल्या होत्या. तिथं मात्र हळद लावू दिली नाही. नळाखाली साबणानं १५ मिनिटं धुतलं आणि दवाखाना गाठला. मांजराच्या ओरखड्याला रेबीजचं इंजेक्शन लागतं का, हे डॉक्टरांनी ठरवायचं, शेजारणीनं नव्हे.

पंधरा दिवस मग मी काहीच कापलं नाही. दुपारी जेवून ती उन्हात वाकळीवर पसरली की नुसता पंजा हातात घ्यायचा, सोडायचा. तिनं ओढून घेतला तर लगेच द्यायचा. मांजरांसाठीची छोटी कात्री मिळते ती आणली, आणि तिच्या शेजारी बसून खपलीच्या कच्च्या शेवया कटकट तोडत बसले. सुनेला वाटलं सासूबाईंचं काहीतरी बिनसलंय. पण त्या आवाजाची सवय झाली. रोज शेवटी उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, बोटाच्या पेराएवढा.

मग एक दिवस एक नख. बोटाच्या गादीवर हलकं दाबलं की नख म्यानातून बाहेर येतं; खिडकीच्या उजेडात धरलं की गुलाबी कुठं संपतं ते दिसतं. त्याच्या बरंच अलीकडे थांबायचं, नुसतं आकड्याचं टोक उडवायचं. झालं. अंडं. दुसऱ्या नखाचा मोह आवरायचा, ती झोपेत असली तरी. माझं काय ते कसब एवढंच.

मांजराला १८ नखं; पुढच्या पंजांना पाच-पाच, मागं चार-चार. मागची आमची बाई स्वतःच दातांनी कुरतडून काढते. राहिली दहा. दहा दिवसांत एक फेरी, मग आठवडाभर सुट्टी, तोवर पहिलं परत वाढलेलं असतं. कालनिर्णयवर दुधाच्या खाडाशेजारी 'उ ३', 'डा १' असं लिहून ठेवते. अंगठे आधी. गल्लीत हिंडणाऱ्या, कुत्र्यापुढं झाडावर चढावं लागणाऱ्या मांजराची नखं मी कापत नाही. आणि नखं मुळासकट काढतात का, असं एकानं विचारलं, त्याला चहा दिला नाही. त्यात बोटाचं शेवटचं पेरच छाटतात.

मधे साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं बघायला गेलो होतो, २०२४ च्या जुलैत लंडनहून आली ती. सगळे हात जोडून उभे, मीही होते. पण डोक्यात आलंच, ही पोलादी, यांना आत ओढता येत नाही. वाघाच्या मावशीचं बरं आहे.

परवा मागच्या गल्लीतला एक पोरगा बोका पिशवीत घालून घेऊन आला. "काकू, सगळी एकदाच कापून द्या की." बोक्याचे कान मागं गेलेले, शेपूट फुगलेली. मी पिशवीतूनच त्याचा पंजा हातात घेतला, सोडला.

"झालं?" पोरगा म्हणाला.

"आजचं झालं. उद्या ये, आणि येताना अंडं उकडून आण."