मोपा ते जळगाव, आणि त्याआधी मडगाव ते मोपा

तिकिटावर छापलेलं, मोपा ते जळगाव पावणेदोन तास. मी आठवडाभर सगळ्यांना हेच ऐकवत होतो, की पावणेदोन तासात मावशीकडे. आई म्हणाली, "आधी मोप्याला तर पोच."

आम्ही मडगावचे, आमचा एअरपोर्ट म्हणजे दाबोळी, पंचवीसेक किलोमीटर. मोपा पार पेडण्यात, साधारण ६५. जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडायला लागली आणि गोव्यात दोन एअरपोर्ट झाले, तिकिटावर दोन्हीकडे गोवाच, कोड तेवढा वेगळा, दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. तो न बघता मी एकदा बॅग घेऊन दाबोळीला जाऊन उभा राहिलोय, जास्त विचारू नका.

यावेळी भावोजींनी गाडीतून सोडलं. झुआरीचा नवा पूल मस्त पार झाला, पर्वरीला जे अडकलो ते अडकलोच, मग म्हापसा, धारगळ, लिंक रोड करत गेटवर पोचलो तेव्हा १ तास ५० मिनिटं झालेली. म्हणजे विमानाच्या वेळेपेक्षा पाच मिनिटं जास्त, अजून जमिनीवरच!

विमान एटीआर, पंख्याचं. दोन-दोनच्या सीट, मधली सीट हा प्रकारच नाही, आणि चढायचं मागच्या दारानं. पंख वरच्या बाजूला असतो म्हणून खाली सगळं दिसतं. माझ्या खिडकीसमोरच चाक होतं, उडाल्या उडाल्या ते दुमडून पोटात गेलं, मी लहान पोरासारखा बघत बसलो. खाली मोप्याचा तांबडा सडा.

चाक उचलल्यापासून मोबाईलवर वेळ लावली. सरळ रेषेत अंतर ६०० किलोमीटरच्या आसपास, एटीआर ताशी पाचशेपर्यंत पळतं, जेटएवढं नाही, त्यात चढण-उतरण आली. चाकं परत टेकली तेव्हा १ तास २२ मिनिटं. मग तिकिटावर पावणेदोन का, तर ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून परत जागेवर थांबेपर्यंतची धरतात, धावपट्टीपर्यंत आणि तिथून परत विमान जमिनीवरून चालवत नेणं वगैरे सगळं त्यात. वर थोडी सूट ठेवतात, म्हणून कधीकधी आपण 'वेळेआधी' पोचतो.

दार उघडलं, बाहेर कोरडी थंडी आणि काळी माती. गोवा एक्स्प्रेसनं आलो असतो तर पुण्यापर्यंतच रात्र गेली असती, त्यामुळे घर ते घर सहा तास लागले तरी माझी तक्रार नाही.

परतताना मावशीनं भरिताची वांगी भरली. काट्यावर बॅग पंधरा किलोच्या थोडी वर. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "वांगी का?" मी मान हलवली. तिनं हसत टॅग लावला.