इनामगाव कोणत्या विभागात टाकायचं?

एक्यूएआर, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्तेचा वार्षिक अहवाल, भरायची वेळ आली की प्रत्येक विभागाकडून संशोधनाची यादी गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडतं. मी प्राणिशास्त्र शिकवते, पण आयक्यूएसीची, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाची, समन्वयक असल्यामुळे त्या पंधरवड्यात मी निव्वळ वसुली कारकून असते. रसायनशास्त्राचे सर पीडीएफचा ढीग पाठवतात. मराठीच्या मॅडम म्हणतात, अंक अजून छापून यायचाय. वाणिज्य विभागाकडे पेपर असतो, पण नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक सापडत नाही. सगळ्यांच्या मागे लागून शेवटी एक्सेलमध्ये विभागवार आकडे बसतात, आणि अहवालातल्या तिसऱ्या, संशोधनाच्या निकषात आमचं कॉलेज 'विविध विद्याशाखांत संशोधन करणारं' ठरतं.

खरं सांगायचं तर हे म्हणजे एकाच चाळीत राहून दहा बिऱ्हाडांनी आपापला स्वयंपाक करण्यासारखं आहे. शाखा भरपूर, पण एकीचा दुसरीशी संबंध नाही.

त्यात प्राध्यापकांच्या निवडीबढतीसाठीच्या यूजीसीच्या 2018 च्या नियमांतलं गुणांचं गणित वेगळंच. विज्ञानाच्या पेपरला 8 गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या पेपरला 10. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला 70 टक्के. तिसरा माणूस आला की मुख्य लेखकाला 70 आणि बाकीच्यांना प्रत्येकी 30. म्हणजे दुसऱ्या विभागातल्या कुणाला सोबत घ्यायचं ठरवलं, तर आधी आपलेच गुण कापून घ्यायचे. हा तक्ता पाहिला की मला एक वाईट खोड लागली आहे. मी त्यात इनामगाव बसवून बघते.

इनामगाव आमच्याच घोड नदीवरचं, शिरूर तालुक्यातलं. आज बघाल तर ऊस आणि विहिरी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे 1968 पासून 1983 पर्यंत बारा हंगाम उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली ठळक नावं. इसवीसनापूर्वी 1600 ते 700 अशी सुमारे नऊशे वर्षं नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव मातीखालून वर आलं. घरं, चुली, धान्याच्या कणग्या, नदीचं पाणी वळवणारा पाट, आणि माणसं. मेलेल्या लहान मुलांना दोन मडक्यांत तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरलेलं. मोठ्या माणसांना आडवं पुरलं, पण बहुतेकांचे पाय घोट्याजवळ तोडलेले. एक माणूस मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला, आणि त्याचे पाय शाबूत. तो गावचा प्रमुख असावा असा अंदाज, कारण घर पाच खोल्यांचं आणि शेजारीच धान्याचं कोठार.

आता हे संशोधन कोणत्या विभागाचं? खड्डा पुरातत्त्वाचा, हे खरं. पण खड्ड्यातून निघालेला माल त्याच संस्थेतल्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांत गेला. जळलेले दाणे वनस्पतीवाल्यांकडे. त्यांनी सांगितलं, मुख्य पीक जव, सोबत गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. माणसांचे सांगाडे मानवशास्त्राकडे, माती आणि नदीचे थर भूशास्त्राकडे. कोळशाचे तुकडे कालमापनासाठी बाहेर, भौतिकशास्त्रज्ञांकडे. आणि जनावरांची हाडं आमच्या जातभाईंकडे.

इथे थोडं रेंगाळते, माझाच विषय आहे. शेळी आणि मेंढीची हाडं एकमेकांपासून ओळखणं ही भल्याभल्यांची परीक्षा असते. त्यात इनामगावसारख्या ठिकाणी काळवीटही आपली हाडं मिसळून बसलेलं. हातात येतो तो अर्धा तुटलेला, भाजलेला, कुत्र्याने चघळलेला तुकडा. म्हणून अहवालांत बऱ्याचदा 'शेळी/मेंढी' असा एकच रकाना असतो, आणि तो आळस नसून प्रामाणिकपणा आहे. पी. पी. थॉमस की पी. के. थॉमस असा माझ्या विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो, तर ते पी. के. थॉमस. त्यांनी डेक्कन कॉलेजात वर्षानुवर्षं हेच काम केलं. तुलनेसाठी आजच्या जनावरांचे सांगाडे जवळ असल्याशिवाय ते होत नाही, आणि असा संग्रह उभा करण्याबद्दल कुणी कुणाला गुण देत नाही.

गंमत पुढे आहे. इसवीसनापूर्वी 1000 च्या सुमारास या गावाचे दिवस फिरले. चौकोनी, ऐसपैस घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. हे खोदणाऱ्यांनी पाहिलं. हाडांच्या टेबलावर दिसलं की गाईबैलांचा वाटा घटला, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीचे प्राणी वाढले. आणि तिसरीकडे, जॉन लुकाच आणि सु. र. वाळिंबे दात तपासत होते. त्यांना उत्तरकाळातल्या माणसांचे दात कमी किडलेले आढळले. धान्य जास्त खाल्लं की त्यातला पिष्टमय भाग दातांना चिकटतो आणि दात किडतात. कीड कमी, म्हणजे ताटातलं धान्य कमी. एकाने घर पाहिलं, एकाने बकरीचं हाड, एकाने दाढ, आणि तिघंही एकाच जागी येऊन पोचले: शेती ढासळली होती, माणसं पशुपालन आणि शिकारीकडे वळली होती. तिघांनी तीन गावांची सामग्री घेऊन तीन पेपर केले असते, तर आकडा तोच भरला असता आणि हाती काहीच लागलं नसतं.

ढवळीकरांनी याचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान असं मांडलं. ते बरीच वर्षं चाललं. मग ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन संशोधिकेने इनामगावच्या मुलांचे सांगाडे नव्याने अभ्यासले आणि अचानक पडलेल्या कोरड्या काळाच्या कल्पनेवरच प्रश्न उभा केला. उत्खनन थांबल्यावर पंचवीसेक वर्षांनी कुणी येऊन आपलं म्हणणं खोडू शकतं, कारण मधल्या काळात कुणीतरी त्या इवल्याशा हाडांवर खुणा घालून ती जपून ठेवलेली असतात. मुलं मडक्यांत पुरल्यामुळे हाडं टिकली. पुढे कपाटांत टिकली ती माणसांमुळे. अहवाल छापून आला 1988 मध्ये. पहिलं फावडं मारल्यानंतर वीस वर्षांनी. आमच्या एक्यूएआरमध्ये त्या वीस वर्षांतली किती वर्षं शून्य भरावी लागली असती, हा हिशेब मी करत नाही.

हे सगळं एका कॉलेजात जमलं कसं? मला वाटतं, त्या कॉलेजचं नशीब थोडं विचित्र होतं म्हणून. 1821 मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा म्हणून सुरुवात, 1868 मध्ये येरवड्याची ती दगडी इमारत, टिळक तिथलेच विद्यार्थी. 1934 मध्ये सरकारने ते बंद केलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले आणि 1939 मध्ये ते पुन्हा उघडलं, पण पदवीचे वर्ग घेणारं कॉलेज म्हणून नव्हे, तर संशोधनसंस्था म्हणून. सुरुवातीच्या मंडळींत सांकलिया होते आणि इरावती कर्वेही. कर्वेबाई मानवशास्त्राच्या, सांकलिया पुरातत्त्वाचे. पाच वर्षांत दोघं गुजरातेत लांघणजला एकत्र खोदत होते, कारण दगडी हत्यारांसोबत माणसांचे सांगाडे निघत होते आणि सांगाडे वाचता येणारं माणूस शेजारच्याच खोलीत होतं. तिथून गेंड्याच्या खांद्याचं हाडही मिळालं. आजच्या उत्तर गुजरातेत गेंडा!

त्याच आवारात 1948 पासून संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम चालू आहे. दीडेक हजार ग्रंथ, सुमारे एक कोटी चिठ्ठ्या, पहिला भाग 1976 मध्ये, आणि गाडी अजून 'अ'मध्येच. लोक हसतात. मी हसत नाही. मात्र एवढ्या वर्षांत हात वाढवता आले असते असं मलाही वाटतं.

सगळंच जुळून आलं असंही नाही. जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठी ज्वालामुखीची राख सापडली. तिच्यासोबतच्या हत्यारांचं वय त्या राखेवर ठरणार. एका मापनाने 14 लाख वर्षं दिली, दुसऱ्याने 6 लाख 70 हजार, आणि काहींच्या मते ती सुमात्रातल्या टोबाच्या 75 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची. पुरातत्त्ववाले, भूशास्त्रज्ञ आणि कालमापनवाले भांडत राहिले. असं भांडण व्हायला आधी एकमेकांचे पेपर वाचावे लागतात. आमच्याकडे मी रसायनशास्त्राच्या सरांचा एकही पेपर वाचलेला नाही. शीर्षकं मात्र सगळी टाइप केली आहेत.

तर यंदा यादीबरोबर मी सगळ्या विभागांना एक ओळ जास्तीची पाठवली: घोड नदीवर मिळून काही करायचं का? माझ्याकडे माशांच्या नोंदी आहेत, चिलापी किती वाढला आणि मरळ, वाम कुठे उरलेत याच्या. भूगोलाच्या सरांकडे जुने नकाशे आहेत, ते लगेच हो म्हणाले. मराठीच्या मॅडमना नदीकाठच्या भोई मंडळींकडून माशांची आणि डोहांची नावं गोळा करायची आहेत. त्या म्हणाल्या, गुण तुम्हीच घ्या, मला फक्त गाडीभाडं द्या. रसायनशास्त्राने पाण्याचे नमुने तपासून द्यायचं कबूल केलंय, पण दिवाळीनंतर. वनस्पतिशास्त्राचं उत्तर अजून आलेलं नाही; प्राचार्यांनी विचारलं, हे कोणत्या विभागाच्या नावावर दाखवायचं?