आमची वाटचाल : अल कूझमधलं डक्टचं वर्कशॉप

2004 साली दुबईत अल कूझला डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारे पत्र्याचे नळ, बनवायला शेड घेतली तेव्हा एक जुना लॉकफॉर्मर (जोडासाठी पत्र्याच्या कडा वळवणारं मशीन), फोल्डिंग मशीन, दोन कात्र्या आणि बिहारमधल्या सिवानचा एक फिटर, एवढंच भांडवल होतं. पत्र्याला टिचकी मारून तो गेज, म्हणजे जाडी, सांगायचा. मायक्रोमीटर आम्ही नंतर घेतला. ट्रेड दोघांचा एकच, शीट मेटल. मी रत्नागिरीच्या आयटीआयतला, तो सिवानच्या. पण माझं बिऱ्हाड इथे होतं आणि तो सोनापूरच्या कामगार कॅम्पात, एका खोलीत आठजण. एजंटाचे पैसे भरायला त्याने शेत गहाण टाकलं होतं.

2009 ला टॉवर अर्धवट थांबले. मेन कॉन्ट्रॅक्टरचे आमच्याकडचे सगळे चेक परत आले. त्यातच आमच्याच गल्लीतल्या एका वर्कशॉपने माझ्यापेक्षा कमी रेट देऊन मॉलचं काम नेलं. चार महिने पगार न देता, 22 गेजच्या जागी 24चा पातळ पत्रा लावून कुठलाही रेट परवडतो. तो राग अजून गेलेला नाही.

माझ्याकडूनही कामगारांचे दोन पगार थकले. कपाटात त्यांचे अकरा पासपोर्ट होते. सगळेच मालक ठेवायचे, म्हणून मीही ठेवलेले. एका रात्री ते बाहेर काढून वाटले. फिटरने हात पँटला पुसले, स्वतःचा फोटो बराच वेळ पाहिला आणि पासपोर्ट टेबलावर परत ठेवला. “सेठ, कैंप में चोरी होती है. आपके पास ही रहने दो.” दुसऱ्या दिवशी अकरा लोखंडी पेट्या आणल्या, किल्ल्या त्यांच्याच हातात दिल्या. नव्याने धंद्यात उतरणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

कासरगोडच्या लाँड्रीवाल्या काकांनी एक्झॉस्ट डक्टचे पैसे रोख, आगाऊ दिले. त्यातून पगार झाले. त्यांच्या तिन्ही दुकानांचं काम आजही आमच्याकडे आहे.

2019 मध्ये फिटर कायमचा गावी निघाला. ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात: पहिली पाच वर्षं 21 दिवसांची, पुढे वर्षाला 30 दिवसांची. आणि त्याचं बेसिक मीच कागदावर कमी दाखवलेलं, उरलेला पगार अलाउन्समध्ये. अकाउंटंट नको म्हणत असताना मी पूर्ण पगारावर हिशोब केला. बेसिक पहिल्यापासून खरं लिहा. तो दर दोन वर्षांनी दोन महिने घरी जायचा. पंधरा वर्षांत मुलीजवळ किती महिने राहिला, हे मी त्याच हिशोबाच्या कागदामागे मोजलं. चौदा.