कॅसलटाउन: सरळ वारस न लाभलेलं घर

आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ सेलब्रिज नावाचं गाव आहे. तिथल्या मेन स्ट्रीटवर बसमधून उतरलं की रस्त्याच्या टोकाला मोठं लोखंडी फाटक दिसतं. आत शिरलं तरी कॅसलटाउनचं घर काही लगेच दिसत नाही. दोन्ही बाजूंना लाइमची झाडं आहेत. हे लाइम म्हणजे लिंबू नव्हे, लिंडेन. त्या सावलीतून दहा-बारा मिनिटं चालल्यावर झाडं मागे पडतात आणि करड्या-पांढऱ्या चुनखडी दगडाची भिंत एकदम समोर येते. तळघर सोडून तीन मजले, प्रत्येक मजल्यावर तेरा खिडक्यांची रांग. छपराचा उतार खालून दिसत नाही, शिखर नाही, बुरूज नाही. आयर्लंडमध्ये यापूर्वी असं घर कोणी बांधलेलं नव्हतं.

डब्लिनहून यायला सी4 बस सोयीची. गावापर्यंत साधारण तास लागतो आणि लीप कार्ड (तिथलं बस-रेल्वेचं प्रवासकार्ड) चालतं. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनहून रेल्वेनेही येता येतं, पण 'हेझलहॅच अँड सेलब्रिज' हे स्टेशन नावापुरतंच सेलब्रिजचं. तिथून गाव दोन-अडीच किलोमीटर लांब आहे. मोटारीने येणाऱ्यांनी जरा जपून. 2023 मध्ये शेजारची जमीन खासगी मालकांकडे गेली, एम4 महामार्गाकडून येणारा रस्ता आणि तिथलं वाहनतळ बंद झालं आणि त्यावरून मोठं आंदोलन पेटलं. त्यामुळे नकाशातलं ॲप दाखवेल त्या वाटेवर विसंबून राहू नका. निघण्यापूर्वी कॅसलटाउनच्या संकेतस्थळावर प्रवेशाची वाट आणि वेळा दोन्ही बघा. भारतातून येणाऱ्यांना आणखी एक सांगायचं म्हणजे आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. पॅरिसचा व्हिसा इथे चालत नाही.

घर बांधलं विल्यम कोनोलीने. 1662 साली डोनेगॉलमधल्या बॅलिशॅनन गावी एका सराईवाल्याच्या घरी जन्मलेला हा माणूस पेशाने वकील. 1690 च्या बॉइनच्या लढाईनंतर हरलेल्या कॅथलिक सरदारांच्या जमिनी जप्त झाल्या. त्या जमिनींच्या खरेदी-विक्रीत कोनोलीने हात धुऊन घेतले. 1715 मध्ये तो आयरिश पार्लमेंटचा स्पीकर झाला आणि मरेपर्यंत त्या खुर्चीवर राहिला. किताब नसलेल्या माणसांत देशातला सर्वांत श्रीमंत तोच, असं तेव्हा म्हणत. कॅसलटाउनची जमीन त्याने 1709 मध्ये घेतली ती थॉमस डंगनकडून. हा लिमरिकचा अर्ल आधी न्यूयॉर्कचा गव्हर्नर होता. जप्त झालेली घराण्याची जमीन त्याला परत मिळाली खरी, पण कर्जासकट. म्हणजे या जागेचा इतिहास सुरू होतो तोच एका घराण्याच्या बुडण्यातून.

बांधकामाचा घोळ समजून घेतला तर घर जास्त कळतं. नकाशा आलेस्सांद्रो गालिलेईचा. रोममधल्या सेंट जॉन लॅटरन चर्चचा दर्शनी भाग पुढे ज्याने केला, तोच हा. 1718 मध्ये तो आयर्लंडला आला आणि वर्षभरात परतला. इथे पाया खणला गेला 1722 मध्ये, तेव्हा आर्किटेक्ट इटलीत! 1724 च्या सुमारास तरुण एडवर्ड लव्हेट पिअर्स इटलीहून शिकून आला आणि काम त्याच्या हाती गेलं. मुख्य घरापासून दोन्ही बाजूंना वळणदार खांबांच्या ओळी निघतात आणि दोन बसक्या इमारतींना जाऊन भिडतात. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला तबेले. या ओळी पिअर्सच्या मानल्या जातात. मधला ठोकळा इटालियन शहरातल्या वाड्यासारखा ताठ आहे. त्याला हात फुटले ते पिअर्समुळे. पुढे आयर्लंडभर जमीनदारांनी हाच साचा उचलला. दोन मजले उंचीचं काळ्या-पांढऱ्या फरशीचं प्रवेशदालनही पिअर्सचंच. तिथे वर सज्जा आहे, त्याचे निमुळते खांब डोक्यावर फळाफुलांच्या टोपल्या घेऊन उभे आहेत. मान वर करून ते नीट पाहा.

कोनोली 1729 मध्ये गेला तेव्हा आतलं काम अर्धवट होतं. मुख्य जिन्याची जागा रिकामीच होती आणि पुढची तीस वर्षं ती तशीच राहिली. मूलबाळ नव्हतं. अंत्ययात्रेत लोकांना आयरिश लिननचे उपरणेवजा पट्टे वाटले गेले. देशी कापडाला उठाव मिळावा हा त्यामागचा हेतू होता.

विधवा कॅथरीन मात्र 1752 पर्यंत इथे राहिली. घराच्या आत तिने फारसा हात लावला नाही, बाहेर मात्र दोन अचाट वास्तू उभ्या केल्या. 1739-40 च्या हिवाळ्यात युरोपभर भयंकर थंडी पडली, जमिनीत साठवलेले बटाटे गोठून सडले आणि आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला. शंभर वर्षांनंतरच्या प्रसिद्ध दुष्काळामुळे हा विस्मरणात गेला, इतकंच. लोकांना काम मिळावं म्हणून कॅथरीनने 1740 मध्ये घराच्या मागे, उत्तरेला तीनेक किलोमीटरवर कमानींवर कमानी रचून सुमारे 140 फूट उंचीचा स्तंभ बांधवला. आपल्याकडच्या दुष्काळी कामांत निदान तलाव-रस्ते व्हायचे. इथे निघाली ती नुसती नजरेची सोय. घराच्या मागच्या खिडकीतून क्षितिजावर काहीतरी दिसावं, एवढाच त्या वास्तूचा उपयोग. तीन-चारशे पौंड तरी खर्च येईल, अशी चिंता कॅथरीनच्या बहिणीने पत्रात केली आहे. गंमत म्हणजे स्तंभ उभा राहिला ती जमीन कोनोलींची नव्हतीच, शेजारच्या कार्टन इस्टेटीची होती. आज त्याला 'कोनोलीज फॉली' म्हणतात. फॉली म्हणजे नुसत्या शोभेसाठी बांधलेली वास्तू.

मग कोनोलीच्या पुतण्याकडे घर आलं, तोही 1754 मध्ये वारला. मग त्याचा मुलगा टॉम. 1758 मध्ये त्याचं लग्न लेडी लुइझा लेनॉक्सशी झालं. ती ड्यूक ऑफ रिचमंडची मुलगी, वय पंधरा. आईवडील गेल्यावर ती वाढली होती कार्टनलाच, थोरली बहीण एमिलीकडे. म्हणजे सासर-माहेर जवळजवळ बांधाला बांध. आज आत जे पाहायला मिळतं त्यातलं बहुतेक लुइझाचं आहे आणि माझ्या मते या घराची खरी मालकीण तीच.

जिन्यापासून सुरुवात करा. पोर्टलंड दगडाच्या पायऱ्या सायमन व्हिअरपिलने 1759-60 मध्ये बसवल्या. पायऱ्यांखाली खांब नाहीत, तुळई नाही. जिना हवेत तरंगल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीचं एक टोक भिंतीत गाडलेलं असतं आणि पुढची कड खालच्या पायरीच्या खाचेत टेकलेली असते. वजन पायरीपायरीने खाली उतरत जमिनीला पोचतं. भिंतीतल्या टोकाचं काम एवढंच की पायरीला पीळ बसू द्यायचा नाही. म्हणून अशा जिन्यात मधली एक पायरी दुखावली तर वरच्या सगळ्यांना धोका. कठड्याचे गज भरीव पितळेचे आहेत, अँथनी किंग या डब्लिनच्या कारागिराचे. त्यातल्या काहींवर त्याचं नाव आणि 1760 साल कोरलेलं आहे. वर चढता चढता शोधा. भिंतींवरचं पांढरं गिलावाकाम स्विस-इटालियन लाफ्रांकिनीचं. त्यात पानाफुलांमध्ये घरच्या माणसांचे चेहरेही बसवले आहेत.

तळमजल्यावरच्या प्रिंट रूममध्ये बहुतेक लोक दोन मिनिटं रेंगाळून पुढे जातात. तसं करू नका. अठराव्या शतकातली अशी खोली आयर्लंडमध्ये ही एकच उरली आहे. लुइझाने वर्षानुवर्षं छापील चित्रं जमवली, कापली, फिक्या रंगाच्या कागदावर मांडणी ठरवून चिकटवली. भोवतीच्या चौकटी, फिती, माळा, सगळं छापील कागदाचंच. दुरून पाहिलं तर भिंतीवर तसबिरी टांगल्यासारखं वाटतं. काम घरच्या बायकांनी हातांनी केलेलं, सुमारे 1768 चं. अशा खोल्यांचे शत्रू दोन: ओल आली की खळ सुटून कागद फुगतो आणि ऊन लागलं की तपकिरी पडतो. म्हणून आत उजेड कमी ठेवतात. मोबाइलचा फ्लॅश अर्थातच बंद.

जेवणाच्या दालनात वाटाड्या सैतानाची गोष्ट सांगतोच. शिकारीत भेटलेल्या अनोळखी पाहुण्याला टॉमने जेवायला आणलं, टेबलाखाली त्याचे खूर दिसले, पाद्रीबुवांना बोलावलं, त्यांनी फेकलेलं पुस्तक आरशाला लागलं आणि पाहुणा चुलीच्या फरशीतून नाहीसा झाला. तडकलेला दगड दाखवतात. दगड का तडकला हे सांगायला सैतान लागत नाही, आग पुरते.

वरच्या मजल्यावरची लाँग गॅलरी 80 फूट लांब आणि 23 फूट रुंद आहे. 1770 च्या दशकात पाँपेईच्या भित्तिचित्रांच्या धर्तीवर तिची निळी रंगरंगोटी झाली. त्या निळ्याला साजेशी म्हणून लुइझाने व्हेनिसजवळच्या मुरानोहून तीन काचेची झुंबरं मागवली. समुद्रमार्गे सांभाळून आली, टांगली आणि निळा जुळेना! परत पाठवणं परवडणारं नव्हतं. अडीचशे वर्षं ती तशीच लटकताहेत. खिडकीशी उभं राहून एकदा भिंत आणि एकदा काच पाहा, बाईंची तक्रार रास्त होती. याच खिडक्यांतून लांबवर तो स्तंभ दिसतो.

टॉमने 1800 मध्ये आयरिश पार्लमेंट बरखास्त करून ब्रिटनशी एकीकरण करण्याच्या बाजूने मत दिलं. आजोबांचा भाऊ ज्या सभेचा स्पीकर होता, ती सभा बंद झाली आणि श्रीमंत घराण्यांना डब्लिनला राहण्याचं कारणच उरलं नाही. 1803 मध्ये तो वारला. लुइझाने 1821 मध्ये हिरवळीवर, घर समोर दिसेल असा तंबू ठोकवून घेऊन त्यात प्राण सोडला, असं सांगतात. यांनाही मूल नव्हतं.

इथे मराठी वाचकाला ओळखीची एक गोष्ट घडते. टॉमच्या बहिणीचा नातू एडवर्ड पॅकनम याला घर मिळालं आणि त्याने आडनाव बदलून कोनोली लावलं. दत्तकविधान नाही, होम नाही; कागदावर नाव बदललं की झालं. (याची चुलत बहीण किटी पॅकनम ही वेलिंग्टनची बायको. टॉम वारला त्याच वर्षी आपल्या जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला तोच वेलिंग्टन.) आपल्याकडे वाडे भावाभावांच्या वाटण्यांत चिरफाळले. इथे एकाच वारसाला सगळं देण्याच्या रीतीने घर अखंड राहिलं. पण त्या रीतीत वारस नसला की घर आडव्या नात्याने सरकतं आणि दर वेळी मागची कर्जं बरोबर घेऊन जातं. एडवर्डचा मुलगा थॉमस अमेरिकेतल्या यादवीत दक्षिणेच्या बाजूने नशीब आजमावायला गेला. 1865 मध्ये दक्षिणेची राजधानी रिचमंड पडण्याच्या सुमारास तो तिथेच होता. फायदा काय झाला असेल ते उघड आहे.

1903 च्या कायद्यानंतर जमिनी कुळांकडे गेल्या. घर राहिलं, उत्पन्न गेलं. 1920 ते 1923 दरम्यान, स्वातंत्र्ययुद्ध आणि यादवीच्या धामधुमीत, देशभरात अशी पावणेतीनशेच्या आसपास घरं जाळली गेली. कॅसलटाउन वाचलं. शेवटचा कोनोली 1956 मध्ये वारला आणि घर पुन्हा आडवं सरकलं, या वेळी बहिणीच्या मुलाकडे, लॉर्ड केरूकडे. त्यांनी 1965 मध्ये ते विकासकाला विकलं. पुढच्या वर्षी आतल्या सामानाचा लिलाव झाला. दोन वर्षं घर रिकामं होतं आणि तेवढ्यात छपराचं शिसं चोरीला गेलं, काचा फुटल्या. शिसं गेलं म्हणजे नुसतं एक धातू गेला असं नाही. पन्हळी आणि सांधे त्यानेच झाकलेले असतात. ते निघाले की पाणी वाशांत मुरतं, मग वरच्या गिलाव्यात आणि शेवटी खालच्या कागदात. आणखी चार-पाच हिवाळे गेले असते तर प्रिंट रूम वाचली नसती.

1967 मध्ये डेस्मंड गिनेस यांनी 93,000 पौंडांना घर आणि भोवतालची 120 एकर जमीन घेतली. बिअरवाल्या गिनेसांचेच हे वंशज. त्या घराण्याचा मूळपुरुष आर्थर याचे वडील याच सेलब्रिजमध्ये एका धर्मगुरूच्या पदरी कारभारी होते. डेस्मंड आणि पत्नी मारिगा यांनी 1958 मध्ये आयरिश जॉर्जियन सोसायटी काढली होती. तिचं बिऱ्हाड इथे आलं. स्वयंसेवकांनी खिडक्या बसवल्या, भिंती रंगवल्या, लिलावात गेलेल्या वस्तू जमतील तशा परत मिळवल्या. जमीनदारांची घरं म्हणजे परक्यांची घरं, ती पडली तर पडोत, असं बहुतेकांचं मत असण्याच्या काळातलं हे काम आहे. 1979 मध्ये ट्रस्ट झाला आणि 1994 मध्ये घर सरकारकडे गेलं. आता ते सार्वजनिक बांधकाम खातं, म्हणजे ऑफिस ऑफ पब्लिक वर्क्स, सांभाळतं. मालक बदलत गेले, पण राहायला आता कोणी नाही; तिकिटाच्या खिडकीशेजारी चहाची सोय तेवढी आहे.

खालचा आणि वरचा मजला नीट पाहायला दीड तास हवा. नदीकाठची फेरी धरली तर अर्धा दिवस. हिवाळ्यात आतलं दर्शन बंद असू शकतं, बाग मात्र खुली असते. फॉलीला इस्टेटीतून थेट वाट नाही. रस्त्याने वळसा घालून जावं लागतं. 1989 मध्ये वारलेल्या मारिगांना तिथेच कमानींखाली पुरलं आहे. तिथून लीक्सलिपच्या बाजूला कॅथरीनची दुसरी वास्तू, 1743 चं 'वंडरफुल बार्न'. शंखासारखं निमुळतं होत गेलेलं हे धान्याचं कोठार आहे. प्रत्येक मजल्याच्या मधोमध भोक ठेवलं होतं, त्यातून पोती दोराने वर ओढायची. बाहेरून गोल फिरत जाणाऱ्या 94 पायऱ्या खालूनच मोजायच्या. आत सोडत नाहीत.