दाल-पकवानवर कट

रविवार, रात्रीचे अकरा

"ताई, कट घालू काय?" एवढंच विचारलं त्या दाल-पकवानवाल्यानं. सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. पुण्याची मंडळी साडेचारला निघाली, भांडी झाली, आत्यांच्या गोळ्या देऊन झाल्या. आता पंख्याखाली बसलेय आणि मिसळीवर ओततात त्या तिखट रश्श्याचं, वाटीभर कटाचं, एवढं काय लागलं ते शोधतेय.

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला लोक कापडाला जातात. लग्न ठरलं की मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, पोरांचे कपडे. भूक लागली तर कोपऱ्यावर वडापाव खायचा आणि पिशव्या सांभाळत परत. त्या गल्ल्यांच्या मागं सिंधी घरांत काय शिजतं हे बघायला कोण जात नाही. म्हणून तर हट्टानं नेलं होतं सगळ्यांना. वहिनींना गाडीतच बजावलेलं, आता कोल्हापुरी काही नाही, बाहेरून येऊन इथं राहिलेल्यांचं खायचं. आणि पहिल्याच ताटलीवर कट.

दाल-पकवान म्हणजे सिंधी नाश्ता, शिजवलेली डाळ आणि सोबत मैद्याचं पातळ, कुरकुरीत तळलेलं पकवान. त्यात कटाला जागाच नाही. हरभऱ्याची डाळ तासभर भिजवून हळद-मीठ घालून शिजवतात, ती अशी की बोटानं दाबली तर मऊ लागावी, पण ताटलीत दाणा न् दाणा वेगळा दिसावा. एक शिट्टी जास्त झाली की तिचं वरण होतं आणि पकवानाच्या तुकड्यावर ते धरत नाही. वरून जिरं, हिरवी मिरची, कढीपत्ता यांची फोडणी आणि चिमूटभर आमचूर. मग चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, कच्चा कांदा. संपलं.

अवघड असतं ते पकवान. दोन वाट्या मैद्याला तीन चमचे तेलाचं मोहन, जिरं, भरडलेली मिरी, आणि पीठ पुरीपेक्षा घट्ट. वीस मिनिटं झाकून ठेवायचं, पातळ लाटायचं आणि काट्यानं दोन्हीकडून टोचायचं. टोचायला आळस केला की ते पुरीसारखं फुगतं, आत वाफ कोंडते आणि गार झालं की बसतं. तेल जास्त तापलेलं असलं तर वरून तांबूस आणि आत ओलं राहतं, अर्ध्या तासात चामट होतं. मंद आंचेवरच तळायला पाहिजे, घाई चालत नाही. नीट झालेलं पकवान मोडताना आवाज करतं. आजचं तर दोन टेबलांपलीकडं ऐकू जाईल असं मोडत होतं. म्हणूनच जास्त लागलं की काय? इतकं नेमकं केलेलं, आणि त्यावर कटाची पळी. कटातलं पाणी मैद्यात शिरलं की दोन मिनिटांत लगदा.

राग आला होता का? राग म्हणावा तर तो बिचारा आपुलकीनंच विचारत होता. पळी हातात, मान थोडी तिरकी, अगदी मिसळवाल्यासारखी. दादा म्हणाले, "बघ, इथंपण मिसळच!" आणि हसले. त्यांचं ते हसणं आजचं नाही, जाऊ दे.

लाज वाटली असेल. असली चव दाखवते म्हणून घेऊन गेले आणि आपलाच चेहरा बघून आले. पण मग लाज कोणाची?

आणखी एक. कबूल करायला जड जातंय, पण क्रम चुकला होता. साडेसातला मंडळींना मिसळ हवीच होती, नाही म्हणता आलं नाही. मिसळीनंतर जीभ तासभर तरी कामाची राहत नाही. तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात-दुधात विरघळतो. ग्लासावर ग्लास पाणी प्यायलं तरी तो जिभेवर बसूनच राहतो, अशा वेळी दही नाहीतर दूध घ्यायचं. मी नुसतं पाणी पाजत पुढं नेलं. त्या जिभेला आमचूर काय कळणार, मिरी काय कळणार! वहिनी म्हणाल्याच, "जरा फिकं आहे नाही का?" ते त्यानं ऐकलं. पळी उचलली ती त्यावर.

खरं तर उलटं करायला पाहिजे होतं. दाल-पकवान सकाळचं असतं, उशिरा गेलं तर डाळ तळाला लागलेली मिळते. आधी ते, मिसळ दुसऱ्या दिवशी. चार जणांत दोन ताटल्या, म्हणजे पुढच्याला पोटात जागा राहते. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून घोळ घातला, आणि दिवसभर तोंड पाडून बसले ते मात्र त्याच्यावर. पुढचं मग रेटूनच झालं. शाहूपुरीतला फाफडा खाल्ला, सोबतची कच्च्या पपईची चटणी कोणी शिवली नाही. सराफांच्या गुजरीत वर मान करून माडीवरच्या बंगाली कारागिरांच्या स्वयंपाकाचा वास तेवढा दाखवला. मोहरीचं तेल धुरावेपर्यंत तापवतात तो. फोडणीत मेथी, कलौंजी, जिरं, मोहरी, बडीशेप, पाचही अख्खी. दादांनी नाकाला रुमाल लावला. रंकाळ्यावरचे मोमो रद्द केले.

येताना मी वळिवड्याच्या छावणीचं सांगत होते सगळ्यांना, आताचं गांधीनगर तिथंच वसलंय. दुसऱ्या महायुद्धात सैबेरियापर्यंत नेऊन टाकलेली पोलंडची माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, इराणमार्गे इथं आली. १९४३ ते १९४८ ती छावणी होती आणि पाचेक हजार माणसं राहिली. शाळा होत्या, चर्च होतं. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. पण कोल्हापुरात कोणाच्या घरी बिटाचं आंबट सार होतं म्हणून ऐकलंय का? आपल्याकडं बिटाची कोशिंबीर, तीपण डॉक्टरांनी सांगितली तर. ती माणसं गेली, चव घेऊन गेली. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी आले आणि हे राहिले. राहायचं म्हणजे दुकान टाकायचं, दुकान टाकायचं म्हणजे गिऱ्हाईक सांभाळायचं, आणि इथलं गिऱ्हाईक कट मागतं.

आता ते लिहून टाकते, जे सकाळपासून लिहायचं टाळतेय.

मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले होते, "दाल-पकवानवर कट कोण घालतं हो?" तर तो म्हणाला, "ताई, शिमग्याला घिअर न्यायला आला होता तेव्हा तुम्हीच मागून घेतला होता की."

मागितला होता. सर्दी झालेली, नाक बंद, कशाचीच चव नव्हती. घिअर म्हणजे ते होळीला करतात ती ताटाएवढी जिलबी. तळायला वेळ लागतो म्हणून बाकड्यावर बसले होते आणि म्हणाले होते, काहीतरी झणझणीत द्या. त्यानं शेजारच्या गाड्यावरनं वाटीभर कट आणून दिला होता. आता तो पातेलंच ठेवतो.

म्हणजे ती परंपरा मीच सुरू केली. पुण्याच्या मंडळींना हे ऐकू गेलं नाही, एवढं बरं.

मग त्याच्या आईनं आत बोलावलं. पापड-पाणी. सिंधी घरी गेलं की चहाच्या आधी भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास येतो. पापड थेट आंचेवर, चिमट्यानं फिरवत, कडा काळ्या न होऊ देता. मावशींचा हात एवढा बसलेला की बोलता बोलता, न बघता भाजत होत्या. गॅसवर त्यांची कढी होती. कढी म्हटल्यावर वहिनी ताक शोधत होत्या. ताक नसतंच त्यात. चार चमचे बेसन तेलात मंद आंचेवर दहा-बारा मिनिटं भाजायचं, खमंग वास सुटेस्तोवर. कच्चं राहिलं तर कढी पिठूळ लागते, ते नंतर उकळून जात नाही. लिटरभर गरम पाणी हळूहळू, नाहीतर गुठळ्या. गवार, शेवगा, बटाटा त्यातच शिजवायचे आणि चिंचेचा कोळ सगळ्यांत शेवटी. आधी घातला की आंबटानं भाज्या शिजायच्या थांबतात, बटाटा तासभर टणकच. भेंडी वेगळी तळून वरून सोडायची, म्हणजे तार सुटत नाही. वाटीभर दिली, आणि ही मात्र वहिनींना फिकी लागली नाही. तोवर जीभ ताळ्यावर आली होती. वहिनींनी दुसरी वाटी मागितली, मी खिडकीबाहेर बघत बसले.

कमळकाकडी, म्हणजे कमळाचा कंद, कशी निवडायची तेही मावशींनी दाखवलं. दोन्ही टोकं बंद असलेलीच घ्यायची. टोक उघडं असलं की भोकांत चिखल शिरतो आणि मग कितीही धुवा, दाताखाली कचकच. चकत्या कापून उजेडापुढं धरून बघत होत्या, चाळणीतून बघावं तशा. आणि मग रश्श्यात काय घातलं? आपली चटणी. लाल, कांदा-लसणाची. बरणीतून चमचाभर.

"विकतची आहे, दोन महिन्यांत वास जातो," म्हणाल्या. "तुमच्यात घरी कशी करतात?"

सांगितली. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, धणे, तीळ, सुकं खोबरं वेगवेगळं भाजून. त्यांनी कापडाच्या बिलाच्या पाठीमागं लिहून घेतलं, सिंधी-हिंदी-मराठी सगळं मिसळून. हसत होत्या. मीपण हसले, सकाळपासून पहिल्यांदा.

आता लिहिताना आठवलं, कांद्याचं सांगायचं राहिलं. आधी उन्हात वाळवायचा, मग तेलात पार कोरडा, कुरकुरीत होईस्तोवर तळायचा. ओल राहिली की गणपतीपर्यंत बुरशी धरते, अख्खी बरणी टाकावी लागते. आणि सध्या चटणीचेच दिवस आहेत, मावशी आठवड्याभरात मिरच्या आणतीलसुद्धा.

नंबर घेतला नाही. म्हणजे परत जाणं आलं. मंगळवारी जावं, सकाळी, रिकाम्या पोटी. दादांना सांगणार नाही.