दाजींचं बिल आणि आमचं बिल

परवा दाजी पिंपळगावला आले आणि चहा संपायच्या आत वीजबिलावरून आमची जुंपली. मी द्राक्षाच्या पॅकहाऊसचा (माल थंड करून पॅक करतात ती जागा) हिशोब बघतो, दाजींचा निफाडकडं कांदा सुकवायचा प्लांट आहे. बिलाची रक्कम भागिले युनिट केलं तर आमचा युनिट त्यांच्यापेक्षा महाग पडतो, म्हणून दाजी म्हणे, "तुम्हाला मशीन चालवताच येत नाही."

राग आला राव. रात्री वही घेऊन बसलो. एक टन द्राक्षं ३० डिग्रीवरून २ डिग्रीवर आणायची म्हणजे साधारण २८ युनिट (विजेचेच युनिट, किलोवॉट-तास) उष्णता बाहेर काढायची, आणि कॉम्प्रेसर ती नुसती उचलून बाहेर टाकतो, त्यामुळं मशीन धड असेल तर १० एक युनिट विजेत भागतं (पंखे आणि थंड चेंबरचं दार उघडं टाकणारी पोरं धरली तर जास्त).

आता कांदा घ्या. टनभर कांद्यात ८६० किलोच्या आसपास नुसतं पाणी. फ्लेक्स, म्हणजे सुकवलेले काप, ५ टक्के ओलाव्यावर आणायचे तर साडेआठशे किलो पाणी उडवायचं, किलोला ०.६३ युनिट धरा, झाले ५३५ युनिट, आणि हे फक्त कागदावर, ड्रायरमधून गरम हवा वाया जाते ती वेगळीच. हातात माल येतो दीडशे किलोसुद्धा नाही.

मग दाजींचं बिल एवढं गोंडस कसं? कारण ती उष्णता मीटरवर येतच नाही, ती येते बॉयलरसाठी पांढऱ्या कोळशाच्या (भुसा-काडीकचरा दाबून केलेलं जळण) ट्रॉलीतून! मीटरवर फक्त ब्लोअर, कटर, पंप. ट्रॉलीची पावती कुठल्या खात्यात टाकता विचारलं तर नुसते हसले.

आणि आमचा युनिट महाग का, तर सीझन जानेवारी ते एप्रिल. जूनमध्ये चेंबर रिकामा, युनिट नावापुरते, पण डिमांड चार्ज केव्हीएवर, म्हणजे युनिटवर नाही तर वीजभारावर लागतो, तो मशीन बंद असलं तरी येतोच, मग भागाकार फुगणारच ना.

सगळ्यात सुखी बेदाणेवाले. ४ किलो द्राक्षाचा १ किलो बेदाणा, पाणी त्यांनाही उडवावंच लागतं, पण शेडमधल्या रॅकवर ते काम वारा करतो. अवकाळी आला की मात्र त्यांची झोप उडते.

रविवारी दाजी ट्रॉलीच्या पावत्या घेऊन येणारेत. मी जूनचं बिल काढून ठेवलंय.