धुळ्याच्या नंबरी गल्ल्या: रंगाआधी छप्पर

चाळीसगावला उतरलं की धुळ्याच्या गाडीला बहुधा वेळ असतो. तो वेळ स्टेशनजवळच्या केकी मूस यांच्या बंगल्यात घालवावा. टेबलावर घरातल्याच वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा पाडायचा आणि त्यातून अख्खा देखावा उभा करायचा, अशा छायाचित्रांसाठी मूस जगभर ओळखले गेले. 31 डिसेंबर 1989 ला ते वारले. त्याआधीची जवळपास पन्नास वर्षं ते या घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. घर त्यांचं स्वतःचं होतं, 'पुढच्या महिन्यात जागा खाली करा' म्हणणारं कुणी नव्हतं. पडक्या गल्लीत कलाकार बसवायच्या गोष्टी जिथे जिथे निघतात, तिथे ही साधी बाब आधी विसरली जाते.

चाळीसगाव ते धुळे 56 किलोमीटर. शिरूड, बोरविहीर मागे पडतात, दोन्ही बाजूंना कपाशी.

आमचा मुक्काम धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांसाठी होता. कलाकार-कारागीर बसवून त्या पुन्हा कशा जगवता येतील, हे बघायचं होतं. इथे गल्ल्यांना नावांपेक्षा नंबर जास्त चालतात. पत्ता सांगताना लोक 'चार नंबर गल्ली', 'पाच नंबर गल्ली' असंच म्हणतात. ही सरळ आखणी खान्देशचा इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जच्या काळातली. 1819 मध्ये त्याने नवं गाव वसवायला घेतलं तेव्हा धुळ्यात 401 घरं आणि 2509 माणसं होती. लांबलांबून कारागीर बोलावले. व्यापाऱ्यांना आणि येणाऱ्या इतरांना घराची जागा कायमची बिनभाड्याने दिली. बांधकामाला उचल दिली, तीही जुन्या रहिवाशांना आणि नव्यांना सारखीच. दोनशे वर्षांपूर्वी गाव भरलं ते अशा रोकड्या सोयींवर. आज मात्र गल्ली जगवायची म्हटलं की पहिला खर्च भिंतीवरच्या मोठ्या चित्राचा होतो. आमच्या मते हा क्रम पूर्ण उलटा आहे.

गल्लीत मान वर करून चाला. खाली दुकानाचं शटर, वर सागवानी खांब, कोरलेली टेकणी आणि वर्षानुवर्षं न उघडलेली खिडकी. खालचं दुकान चालतं म्हणून वरचा मजला पडू देतात, असं चित्र बऱ्याच घरांत आहे. हाच वरचा मजला शिवणकाम, छपाई, लाकूडकाम, ध्वनिमुद्रण यांना मिळू शकतो. पण आधी धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर बघायचं.

धाब्याच्या घरात तुळयांवर कड्या म्हणजे लहान वासे, कड्यांवर किलचणाच्या फळ्या आणि त्यावर पांढरी माती असते. गळती लागली की जुनी माती न काढता नवी टाकतात. असं करत करत वीतभर थर फूटभर होतो. फूटभर मातीचं वजन चौरस मीटरला सुमारे 500 किलो. पावसात भिजली की त्याहून जास्त. म्हणून वर माणसं बसवण्याआधी माती उतरवायची, तीही एका कोपऱ्यातून नाही, दोन्ही बाजूंनी सारखी. एकीकडचं ओझं एकदम गेलं तर जुनी तुळई पिळते. मग प्रत्येक तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक तपासायचं, कारण कुजायला तिथूनच सुरुवात होते. हातोडीने ठोकून बघा. आवाज बद्द आला तर टोच्याने टोचा. टोचा बोटाच्या पेरभर सहज आत गेला तर त्या टोकाखाली त्याच दिवशी टेकू द्या. मधला भाग खणखणीत वाजतो म्हणून तुळई चांगली, असा निकाल देणारे बरेच भेटतात. त्यावर विसंबू नका.

त्यानंतर भिंत. एका घराच्या दर्शनी भिंतीवर अॅक्रिलिक रंगाचा मोर होता. कमरेच्या वर मोर शाबूत, खाली पिसारा पोपड्यांसकट सुटलेला आणि त्यामागे पांढरा भुरभुरीत लोणा. बोट लावलं की पीठ पडतं. कारण पायाशीच दिसतं. दर डांबरीकरणाला रस्ता वर चढत गेला आणि जोतं रस्त्याच्या खाली गेलं. पावसाचं पाणी जोत्याशी साचतं आणि विटांतून वर चढतं. बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर अॅक्रिलिकचा थर असल्यामुळे ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती क्षार घेऊन रंगाच्या मागे येते आणि रंगच ढकलून देते. म्हणून नवं डांबर घालण्याआधी जुना थर खरवडून काढायला नगरसेवकांच्या मागे लागा. चित्राच्या खर्चापेक्षा हा पाठपुरावा महत्त्वाचा.

खालचा मीटरभर सिमेंट गिलावा काढून चुन्याचा करायचा. कळीचा चुना पाण्यात टाकायचा. उलटं, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, तो उसळून डोळ्यांत जातो. विरलेला चुना चाळून निदान तीन आठवडे पाण्याखाली ठेवायचा. घाई केली तर न विरलेले खडे गिलाव्यात फुगतात आणि भिंतीवर महिन्याभराने खळगे पडतात. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू, थर 10 ते 12 मिलिमीटर. त्यावर आठवडाभर ओलं गोणपाट. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. खान्देशच्या मे महिन्यात गिलावा पकडण्याआधी वाळतो आणि हात फिरवला की झडतो. वर रंग हवा तर पातळ कालवलेल्या चुन्याचे चार हात, त्यात गेरू, पिवळी काव किंवा काजळी. रंगाची पूड चुन्याच्या वजनाच्या दहाव्या भागाहून जास्त झाली तर कपड्याला लागते. अशी भिंत आतून कोरडी होत राहते आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा एक हात मारला की भागतं.

खरा गुंता कागदाचा. एका घराला अनेक वारस, कुणी पुण्यात, कुणी सुरतेला. मिळकत पत्रिकेवरची सगळी नावं आधी बघा आणि सगळ्यांची संमती घ्या. नाहीतर डागडुजी झाल्यावर एखादा हिस्सेदार उभा राहतो. मालकाला भाडेकरू हटणार नाही याची भीती, म्हणून अकरा महिन्यांचा करार. अकरा महिन्यांसाठी कुणी छप्पर का बदलेल? लिव्ह अँड लायसन्स करार पाच वर्षांचा करावा आणि नोंदवावाच. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. डागडुजीचा खर्च भाड्यात वळता करायचा. समजा छपराला 1,20,000 रुपये लागले आणि भाडं महिना 2,500 ठरलं, तर 48 महिन्यांत फिटलं, उरलेले 12 महिने मालकाच्या हातात रोख. हा हिशेब करारातच लिहा. ब्रिग्जच्या उचलीचं हे आजचं रूप.

विजेचं आधी विचारून घ्या. मातीकामाच्या छोट्या विजेच्या भट्टीलाच 6 ते 8 किलोवॉट लागतात. घरगुती मीटरवर ती जोडली की गल्लीची फ्यूज जाते आणि शेजारी दुरावतात.

आणि कलाकार बाहेरूनच यायला हवेत असं नाही. बुरूड, तांबट, शिंपी, फ्लेक्स आल्यापासून हातचं काम गेलेले फलक-पेंटर, मांड्यांसाठी खापर घडवणारे कुंभार, वहीगायन या खान्देशी लोकगायनाचे फड यांच्याकडे हुन्नर आहेच. पहिल्या जागा त्यांना द्या. मुंबईत लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि कचेऱ्या आल्या. चिमण्या काही ठिकाणी राहिल्या, गिरणगाव राहिलं नाही. धुळ्यात जमिनीचा भाव तेवढा नाही, तोवरच पाच वर्षांचे करार करून घ्यायला हवेत.

धुळ्याहून अमळनेर एसटीने तासाभराचं. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था असलेलं तत्त्वज्ञान मंदिर 1916 पासून इथे आहे. मराठी साहित्य संमेलन इथे 1952 ला झालं आणि पुन्हा फेब्रुवारी 2024 ला. अमळनेरच्याच जळगाव जिल्ह्यात, दुसऱ्या टोकाला फैजपूरला 1936 च्या काँग्रेस अधिवेशनात नंदलाल बोस यांनी बांबू वापरून अख्खी सजावट उभारली होती. असे सोहळे व्हायलाच हवेत. पण गल्लीत महोत्सव भरवायचा असेल तर मोकळ्या मैदानात मंडप घालू नका. आधी दोन-तीन घरांची धाबी उतरवून पक्की करा आणि त्याच माजघरांत प्रदर्शन, वहीगायन, कविता ठेवा. मंडपाच्या भाड्याचे पैसे छपराला लागतील आणि महोत्सव संपल्यावर त्या खोल्या बुरडाला किंवा शिंप्याला वापरता येतील.